काढलेला पाटा

बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझं झालं की गाडी उलार होते. जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात आणि जनावराचा श्वास कोंडतो. आमच्या बाबांनी तरुणपणी असा एक बैल गमावला होता. नाल्याच्या चढावर ज्वारीची पोती मागे घसरली आणि जू सोडेपर्यंत बैल गेला. ही गोष्ट ते फारशी सांगत नसत. पण कुठलीही वस्तू मागे कललेली दिसली की त्यांचा चेहरा बदलायचा. खाटेची दोरी पायथ्याशी सैल झाली तरी आईला चार शब्द ऐकून घ्यावे लागत.

हे सांगायचं कारण आमची मोटार.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं गाव मोताळ्याच्या अलीकडे, मळा विहिरीवरचा, त्यात वांगी, टमाटे आणि हिरव्या मिरच्या. मलकापूरच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने नवी गाडी घेतली तेव्हा त्याची जुनी बाबांनी घेतली. लोक मोटार मिरवायला घेतात, बाबांनी ती टोपल्या वाहायला घेतली. मागची बैठक काढून टाकली, तिथे मिरच्यांच्या टोपल्या रचल्या आणि मलकापूर स्टेशनाकडे निघाले. गाडी मागून जी बसली ती नाक वर करून उभी राहिली. पारावरून कोणीतरी म्हणालं, मोटार उलार झाली. झालं! बाबांनी टोपल्या स्टेशनावर उतरवल्या आणि तिथूनच थेट मिस्त्रीचं दुकान गाठलं.

मोटारीला ना जू, ना कुणाचा गळा. पण उलार हा शब्द एकदा कानावर पडल्यावर बाबांना ते कोण सांगणार? गाडीच्या मागच्या चाकांवर कमानीसारखे वाकवलेले लोखंडी पाटे असतात, एकाखाली एक लावलेले. धक्का ते खातात. मिस्त्रीने दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वाढवला आणि मागच्या चाकांत हवा अशी ठासून भरली की टायर बोटाने दाबलं तर बोटच दुखावं. गाडीचं बूड वर आलं. वजन टाका, नका टाकू, ते वरच राहायचं. बाबांचा जीव थंड झाला. आमच्या भागात तेव्हा ज्याच्याकडे जीप असो की मोटार, तो पहिलं काम हेच करायचा. आम्ही सगळे बैलगाडीवरून मोटारीत आलेले लोक.

काही वर्षांनी भाजी न्यायला ट्रक दारात येऊ लागला. मोटारीत बैठक परत बसवली, पण वाढवलेला पाटा तसाच राहिला. त्याच सुमारास बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. बाजूचं दिसेनासं झालं होतं, समोरचं सगळं दिसतं असं बाबा म्हणायचे. भाऊ नागपूरला नोकरीला. मी बी.ए. होऊन घरी बसले होते आणि माझ्या लग्नाचं पाहणं चालू होतं, म्हणजे लोक येत, पोहे खात आणि जात. एक दिवस बाबांनी गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले की तू शीक.

आई म्हणाली, अशानं हिला स्थळ येणार नाही. बाबा म्हणाले, आता कोणती रांग लागली आहे? मला त्याचा राग यायला हवा होता, पण मी किल्ली उचलली होती.

मलकापूरच्या सपाट सडकेवर मी लवकर शिकले. मोताळ्याच्या हॉटेलात बसलेले लोक मला पाहून बशी तोंडाशी धरायचे आणि प्यायचं विसरायचे. त्याची मला मजा वाटायची. खरी अडचण घाटाची होती आणि बाबांना जायचं असायचं ते घाटातूनच. वर बुलढाण्याला त्यांची मोठी बहीण राहायची, माझी आत्या. दर आठवड्याला बाबा तिच्याकडे जायचे. दोघं तिच्या ओसरीवर बसून चहा घ्यायचे आणि लहानपणीच्या एका बोरीच्या झाडावरून भांडायचे, की ते झाड विहिरीच्या अलीकडे होतं की पलीकडे. बाबांना अरेतुरे करणारं, त्यांना रागावणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. त्या ओसरीवर ते माझ्याहून लहान दिसायचे.

एकदा गाडी बंद होती म्हणून ते एस.टी.ने निघाले. कंडक्टर बिचारा भला माणूस. त्याने बाबांचा हात धरून त्यांना वर घेतलं आणि आंधळ्या बाबाला जागा द्या म्हणून कोणाला तरी उठवलं. बाबा पुढच्याच थांब्यावर उतरले आणि उन्हातून पायी घरी आले. कोणी हात धरलेला त्यांना चालायचा नाही, आईनेसुद्धा. त्यानंतर ते एस.टी.त बसले नाहीत. म्हणजे मोटार असेल तर आत्या, नाही तर नाही, असा तो हिशेब होता.

राजूर सोडलं की घाट लागतो. त्यातलं एक वळण आम्ही पिंपळाचं वळण म्हणायचो. तिथे पाण्याने सडकेवर आडव्या चऱ्या पडल्या होत्या, आणि एका बाजूला दरी. त्या काळच्या गाड्यांचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. वळायचं पुढच्यांनी, ढकलायचं मागच्यांनी. मी वळणात शिरायची, हातातलं चाक फिरवायची, नाक निमूट वळायचं, आणि चऱ्यांवर आदळून मागचं धड धाडकन बाहेर फेकलं जायचं, दरीच्या बाजूला. उतरताना तर आणखीच. पहिल्यांदा झालं तेव्हा मी किंचाळले नाही, कारण तेवढा वेळच मिळाला नाही. गाडी सावरली ती माझ्यामुळे की देवामुळे, हे मी तेव्हा विचारलं नाही.

बाबा शेजारी बसून प्रत्येक वळणाच्या आधी सांगायचे. आता डावं, आता चढ, आता पिंपळ, दमानं. ते सांगायचे ते बरोबर तिथेच यायचं. तरीही बूड बाहेर जायचंच. मग ते म्हणायचे की हात कच्चा आहे तुझा. मी खूप वेळा ऐकलं आणि शेवटी खरं मानलं. रात्री उशीवर हात ठेवून मी चाक फिरवायची तालीम करायची, इतकं मनाला लागलं होतं.

दिवाळीला भाऊ आला आणि आत्याकडे जाताना आमच्याबरोबर मागे बसला. पिंपळाच्या वळणावर गाडीने आपलं काम चोख केलं. भाऊ एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत गेला. घरी आल्यावर त्याने आधी आईला सांगितलं आणि मग बाबांसमोर उभा राहिला.

"बाबा, ही गाडी इका. हिच्यात एक दिवस तुमी दोघंही जासान. खामगावले गिऱ्हाईक हाये, संक्रांतीले मी आलो की देऊन टाकू."

त्याचं काही चुकत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. बाबा काही बोलले नाहीत. बाबांनी न बोलणं ही आमच्या घरात भांडणापेक्षा वाईट गोष्ट होती. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले की बहिणीला निरोप पाठव, आता तिनेच खाली यावं. आत्याचे गुडघे कधीच गेले होते, ती दारापर्यंत येत नव्हती तर घाट काय उतरणार.

पण संक्रांतीपर्यंत गाडी होतीच, म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही आत्यासाठी वर्षाची ज्वारी घेऊन निघालो. मागे पोती खच्चून भरलेली. मी पिंपळाच्या वळणाला घाबरतच शिरले, चाक फिरवलं आणि दात आवळून वाट पाहत राहिले. काहीच झालं नाही. गाडीने बूड टेकवून वळण घेतलं आणि शहाण्यासारखी सरळ झाली. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून मी हसत सुटले. बाबांनी विचारलं की काय झालं. मी म्हटलं, आज हात माझेच होते ना, बाबा?

परत येताना पोती नव्हती. त्याच वळणावर, त्याच हातांनी, बूड पुन्हा बाहेर गेलं. तेव्हा मात्र मला भीती वाटली नाही, संताप आला. इतके दिवस मी माझ्या हातांना दोष देत होते आणि दोष होता मिरच्यांच्या टोपल्यांसाठी घातलेल्या पाट्याचा. ओझं असलं की पाटे दबत होते आणि चाकं सडक धरत होती. ओझं नसलं की पाटे ताठच्या ताठ, आणि चाकं चऱ्यांवरून उडत होती. उडालेलं चाक काय धरणार?

घरी येताच मी सांगितलं की पाटा काढायचा. बाबा म्हणाले, नाही. मी सगळं समजावलं. ते म्हणाले, गाडी उलार होईल. मी म्हटलं, आता मागे बसतंय कोण, तुमच्या जावयाचा अजून पत्ता नाही. आई हसली, ते हसले नाहीत.

"गाडी कडकच पाह्यजे," ते म्हणाले. "कडक गाडी मानसासंग बोलते. मऊ गाडी मुकी असते, माय."

मला वाटलं, हा हट्ट. बाबांना सगळंच कडक लागायचं. चहा कडक, धोतराची इस्त्री कडक, बोलणं तर विचारूच नका. आमच्याकडे चांगल्या गोष्टीला कडक आणि वाईटाला ढिली म्हणायची पद्धतच आहे, त्यामुळे वाद घालायला माझ्याकडे शब्दही नव्हता. मी शेवटी म्हटलं की पाटा राहिला तर संक्रांतीला गाडी जाईल, मग कडक काय न् मऊ काय. त्यावर ते बराच वेळ खाटेच्या दोरीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, कर तुला काय करायचं ते.

मलकापूरचा मिस्त्री आधी ऐकेचना. लोक पाटा वाढवायला येतात, काढायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक, असं तो म्हणाला. गाडी कमजोर होईल आणि नाव माझं खराब होईल, ही त्याची काळजी. मी म्हटलं की नाव मी माझं सांगेन. त्याने दोन्ही बाजूंचे पाटे सोडवले, वाढवलेला जाड पाटा बाहेर काढला आणि बाकीचे पुन्हा आवळले. मागची हवा कमी केली. मोठ्या ऐटीत मी मोताळ्याच्या रस्त्यावर एका वळणाला गाडी घातली, तर गाडी पाळण्यासारखी झुलायला लागली. बूड आता फेकलं जात नव्हतं, पण या अंगावरून त्या अंगावर डोलत होतं. मिस्त्री शेजारी बसला होता. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला रडूच आलं.

पण एकदा सोडवलेलं काम अर्धवट ठेवणं त्याच्याही जिवावर आलं असावं. दुकानात परत आल्यावर तो गाडीखाली शिरला. पाट्यांचं नाचणं थांबवणारे तेलाचे जंपर असतात. मागचे दोन्ही कधीचेच कोरडे पडले होते. पाटे इतके ताठ होते की ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ते बदलले. मग पुढच्या दोन चाकांना जोडणारी आडवी दांडी हलवून पाहिली, तर तिचे रबर झिजून लोण्यासारखे झालेले. तेही नवे घातले, म्हणजे वळणावर नाक एका बाजूला फार कलू नये. एकेक काम करायचं, त्याच वळणावर जाऊन यायचं आणि मग पुढचं, असं आमचं चाललं. शेवटच्या खेपेला गाडी वळणात शिरली तेव्हा पुढचं आणि मागचं एकाच वेळी वळलं. काढलेले पाटे मिस्त्रीने कोपऱ्यात टाकले नाहीत, माझ्या गाडीत ठेवून दिले. परत घालायला लागतीलच, असं त्याला वाटत असावं.

पुढच्या आठवड्यात बाबा माझ्याशेजारी बसले आणि आम्ही बुलढाण्याला निघालो. धुकं नव्हतं, ऊन चांगलं पडलं होतं. बाबा नेहमीसारखे ताठ बसले होते, दोन्ही पाय खाली घट्ट रोवून. राजूर मागे पडलं. पहिली वळणं मी इतक्या सहज घेतली की मला माझाच हेवा वाटला. पिंपळ आला. वळणाआधी वेग कमी केला, चाक फिरवलं, चऱ्यांवरून गाडी पाटे दाबत गेली आणि सरळ झाली. मी बाबांच्या शाबासकीची वाट पाहत होते. चढ चढून आम्ही पुढच्या सरळ पट्ट्यावर आलो. तिथे दोन्ही बाजूंना नुसतं वाळलेलं गवत.

"आता पिंपळ येते," बाबा म्हणाले. "दमानं घे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर पाहत होते, टक लावून, लख्ख उन्हात.

मला सगळं एकदम समजलं. इतके दिवस ते वळणं सांगत होते ती डोळ्यांनी पाहून नव्हे. कुठल्या धक्क्यानंतर कुठला चढ, कुठल्या आदळण्यानंतर पिंपळ, हे सगळं त्या ताठ पाट्यांमधून बैठकीत आणि बैठकीतून त्यांच्या पाठीत येत होतं. गाडी त्यांच्याशी बोलत होती. आणि मी मिस्त्रीला सांगून तिचं तोंड बंद करून आले होते.

मी गाडी बाजूला घेतली. खोटं सांगावं, वेग कमी केल्याचं नाटक करावं, असं एकदा मनात आलं. पण बाबांना खोटं आवडत नसे आणि मला ते जमत नसे.

"बाबा, पिंपळ मागे राहिला."

त्यांचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले. "मंग मले काऊन नाई समजलं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरही त्यांनाच सुचलं असावं, कारण त्यांनी पायाने गाडीचा तळ एकदा चाचपला. मी विचारलं की कधीपासून. म्हणाले, कापूस वेचणीच्या आधीपासून नुसता उजेड दिसतो. मी रडत होते. ते त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"पाटा परत टाकून आणू का, बाबा? गाडीतच आहे."

"नको," ते म्हणाले. "गाडी बरी झाली. तुया हात कच्चा नव्हता, मीच कच्चं बोललो. आता ती मुकी झाली तं तू बोलत जाय. तुयी आई म्हनतेच तुले तोंड लय हाये."

मग मी बोलत राहिले. डावीकडे सागाची पानं झडलीत, समोरून एस.टी. येते आहे, एक बाई डोक्यावर मोळी घेऊन उभी आहे आणि आपल्याकडे तोंड उघडून बघते आहे. बाबा मधूनच म्हणायचे की मोळी कशाची ते सांग. आत्याच्या ओसरीवर ते त्या दिवशी बोरीच्या झाडावरून नेहमीपेक्षा जोरात भांडले. मला वाटतं, ते झाड आता त्यांना इतर सगळ्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं.

घरी आम्ही काही सांगितलं नाही. आईला ठाऊक होतं की नाही, हे मला आजही कळलेलं नाही. ती त्यांच्या ताटात भाजी नेहमी एकाच जागी वाढायची आणि अंगणातली बादली कधी इकडची तिकडे होऊ द्यायची नाही.

संक्रांतीला भाऊ आला. खामगावचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. बाबा म्हणाले, विकायची तर विकू, पण आधी एकदा बहिणीला तिळगूळ देऊन येऊ. भाऊ मागे बसला, दोन्ही हातांनी बैठक धरून. मी गाडी काढली आणि तोंड चालू केलं. राजूरच्या पुढे म्हटलं, बाबा, आज चढाला किती बैलगाड्या लागल्यात. बाबा म्हणाले, हाव, उजवीकडून काढ. पुढे म्हटलं, पिंपळावर बगळे बसलेत, पाहिले का? बाबांनी मान वर केली, जरा पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, वळण आलं, दमानं घे. गाडी वळली. भावाचे हात बैठकीवरून कधी सुटले, ते त्यालाही कळलं नसावं.

आत्याच्या दारात गाडी थांबली. भाऊ उतरला, मागच्या चाकांकडे वाकून पाहिलं, मग बाबांच्या खिडकीशी आला. म्हणाला की गिऱ्हाईकाला नाही सांगतो, राहू द्या गाडी. आणि मग, जरा संकोचून, "बाबा, तुमची नजर सुधारल्यावानी वाटते."

"हाव," बाबा म्हणाले. "मले आता पयल्यापक्षा जास्त दिसते."

असं म्हणून त्यांनी दार उघडलं, पाय खाली टेकवला, आणि उतरण्यासाठी माझ्याकडे हात पुढे केला.